सटनच्या आमच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र लिहितेय.

नागपूरहून लंडनमधल्या सटनला आलो तेव्हा आमचा लेक शाळेतून यायचा आणि थेट खोलीचं दार लावून घ्यायचा. ओळखीचं कोणी नाही, वर्गातली पोरं काय बोलतात ते कळत नाही. अशा एका शनिवारी तुम्ही बेल वाजवलीत आणि आम्हा दोघांना गँडर ग्रीन लेनच्या मैदानावर घेऊन गेलात. आपल्या गावच्या सटन युनायटेड क्लबचा सामना, एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेची चौथी पात्रता फेरी. ओल्या कठड्याला टेकून लेक उभा होता, आणि हातभर अंतरावर गोलकीपर आपल्या बचावफळीवर ओरडत होता. टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये हे ऐकू येत नाही. घरी येताना त्याची प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली ती थांबेचना.

तुम्ही एकाही प्रश्नाला कंटाळला नाहीत. ७००हून अधिक क्लब, ऑगस्टपासून सुरुवात, हरलात की बाहेर. प्रीमियर लीगवाले, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावरचे क्लब, थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीत उतरतात. मानांकन नाही, ड्रॉमध्ये ज्याचा नंबर निघेल त्याच्याशी खेळायचं. ज्या ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने १९७१ साली कसोटी जिंकली, तिथेच १८७२ मध्ये या कपची पहिली फायनल झाली, हे ऐकून तर मीही थक्क झाले.

पण त्याला खरं वेड लावलं ते तुमच्या १९८९च्या गोष्टीने. ७ जानेवारी, सटनसमोर पहिल्या डिव्हिजनचा, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या स्तरावरचा कॉव्हेंट्री सिटी, दोनच वर्षांपूर्वी हाच कप जिंकलेला. सटन पाचव्या स्तरावरचं. टोनी रेन्सचा हेडर, मग कॉव्हेंट्रीची बरोबरी, मग मॅथ्यू हॅन्लनचा गोल; २-१. दोन्ही गोल कॉर्नरवरून, सराव करून बसवलेले. तुम्ही टेबलावर वाट्या-चमचे मांडून ते दाखवलेत. आणि पुढच्याच फेरीत नॉर्विचने ८-० ने धुतलं, हेही तितक्याच अभिमानाने सांगितलंत!

२०२४-२५पासून पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले, म्हणजे बरोबरी झाली की पुन्हा खेळायचे सामने, बंद झाले, याची तुमच्याइतकीच खंत आता मलाही वाटते. २००५ मध्ये एक्झेटर सिटी या लहान क्लबने मँचेस्टर युनायटेडशी त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-० बरोबरी साधली. त्या सामन्याच्या आणि रिप्लेच्या पैशांनी कर्जात बुडालेला क्लब सावरला. लहान क्लबांच्या तोंडचा असा घास काढायला नको होता.

लेक आता वर्गातल्या मुलांबरोबर सामन्याला जातो. त्यांना वाट्या-चमच्यांनी कॉर्नर समजावून सांगतो. हे तुमच्यामुळे झालं, काका. परक्या गावात माझ्या पोराला तुम्ही माणसांत आणलंत.

पुढच्या ड्रॉच्या संध्याकाळी आमच्याकडेच जेवायला या. काकूंनाही आणा, सांबारवडी करतेय.

तुमची,
शेजारीण