आई, तिखलं खा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

चूक माझी आहे. आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याबद्दल सांगताना फोनवर मी "रक्तवाहिनीच्या भिंतीत दाह असतो" म्हणाले आणि आईने त्या दिवसापासून बांगड्याचं तिखलं बंद केलं. बाबा सांगत होते, त्यात घालायच्या तिरफळांचा डबा माळ्यावर गेलाय आणि दोन वेळा सब्जाचं पाणी चालू आहे. उष्णता उतरायला! अगं, हा दाह म्हणजे उष्णता नव्हे. डॉक्टरांच्या 'इन्फ्लमेशन'ला मराठी शब्द शोधायला गेले आणि नेमका पोटात जळजळणारा शब्द हाती लागला.

म्हणून लिहून पाठवते. फोनवर तू "माका काय एक होवचा नाय" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच संपतं.

बाबा, आपला खाजणाचा बांध आठवा. तो सगळीकडे सारखा खचत नाही. खाडीला जिथे फाटा फुटतो आणि पाणी आपटतं, तिथेच आधी जातो. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस या डॉक्टरने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने ते ओळखतात. त्या कड्यात जिथे धमनीला फाटा फुटतो, तिथे रक्ताचा मारा दिवसरात्र बसतो. मेंदूतल्या धमन्या मुळातच पातळ, बाहेरचं लवचिक अस्तरही त्यांना नसतं.

माऱ्याने आतल्या पेशी दुखावल्या की त्या हाका मारतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी डागडुजीला धावतात. त्यांतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी सगळ्यात चिवट. एरवी घाण साफ करून निघून जायचं हे त्यांचं काम. इथे मारा थांबतच नाही, म्हणून त्याही हलत नाहीत. त्या वर्षी बांधावर आलेले गडी आठवतात ना? भगदाड बुजवायचं सोडून त्यांनी धड चिरेही उपसले होते. तसंच. या पेशी जी द्रव्यं सोडतात, ती भिंतीला ताण सोसायची ताकद देणारे तंतूच विरघळवतात. भिंतीतल्या स्नायूपेशी मरतात, भिंत बाहेर फुगते. तोच अ‍ॅन्युरिझम. आणि हा भिंत पोखरण्याचा सगळा उद्योग म्हणजे मी म्हटलेला दाह. त्यात तिरफळाचा काहीएक संबंध नाही.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. उंदरांमध्ये या पेशी कमी केल्या तर असे फुगे कमी झाले. माणसांचे फुटलेले फुगे तपासले, तर न फुटलेल्यांपेक्षा त्यांच्या भिंतीत त्या जास्त दिसल्या.

आईचा फुगा ४ मिलिमीटरचा आहे, कुळथाच्या दाण्याएवढा. शंभरात साधारण तीन प्रौढांच्या डोक्यात असा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. म्हणून तर डॉक्टर ऑपरेशनची घाई करत नाहीत, पुन्हा एमआरआय करून वाढतोय का ते बघणार आहेत.

आता राग येईल असं लिहिते. आई, प्रेशरची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. खारे बांगडे, सुकट आणि लोणचं कमी करायचं. तिखटाने नाही, मिठाने प्रेशर चढतं. बाबा, बिडीचा धूर या भिंतीला सगळ्यात वाईट, आणि तुम्ही ओटीवर ओढता तेव्हा आई तिथेच तांदूळ निवडत असते. आईची मिश्रीही बंद, तोही तंबाखूच. हिरड्यांतून रक्त येतं म्हणालीस ना, तेही दाखवायला हवं. फिनलंडच्या संशोधकांना २०१३ साली फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमच्या भिंतीत तोंडातल्या जिवाणूंचे अंश सापडले होते. हिरड्यांमुळेच फुगा होतो असं यावरून ठरत नाही, पण दातांच्या डॉक्टरकडे जायला तेवढं निमित्त पुरे.

मामाने पाठवलेला अ‍ॅस्पिरिनचा मेसेज मी वाचला. ती दाह कमी करते, आणि ती घेणाऱ्यांत फुटण्याचं प्रमाण कमी दिसलं असं २०११ साली एका पाहणीत आलंही होतं. पण ती रक्त पातळ करते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही.

आणि एकच गोष्ट पाठ करा. कधी एकाएकी, आयुष्यात झाली नाही अशी डोकेदुखी उठली, मान ताठली, उलटी झाली किंवा एका डोळ्याची पापणी खाली आली, तर सकाळची वाट बघायची नाही. शेजाऱ्यांची रिक्षा नाही, आधी १०८. आपल्याकडून बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचायला वेळ लागतो, तो घरीच घालवायचा नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात मेंदूतल्या रक्तस्रावाने कुणी गेलंय का. मी 'नाही' म्हणाले, पण आजी विहिरीवर कोसळली ती कशाने, हे आपल्याला कधी कळलंच नाही. पुढच्या वेळी तेवढं सांगू या.

चतुर्थीला चार दिवस आधी येतेय. तिरफळं माळ्यावरून काढून ठेव. तिखलं मीच करीन, मीठ बेताचं घालून, आणि तू माझ्यासमोर बसून खायचंस.

तुमची,
बाय