शोधला पूर, सापडले नागपूर

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

गेली 22 वर्षे मी नाशिकमध्ये ग्रंथपाल आहे. अनुदान, रिक्त पदे, पगार या विषयांवर आपल्याला पुष्कळ पत्रे येत असतील. माझे गाऱ्हाणे त्यापेक्षा लहान आहे: शोधाच्या चौकटीएवढे.

मागच्या पावसाळ्यात भूगोलात पीएच.डी. करणारी एक मुलगी आमच्याकडे आली. तिचे काम गोदावरीच्या जुन्या पुरांवर. आम्ही नाशिककर पूर मोजतो तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, की छातीला. तिला मात्र 1969च्या पुराची छापील नोंद हवी होती. 2027चा सिंहस्थ कुंभमेळा ऐन पावसाळ्यात येतो आहे, तेव्हा हा विषय नुसता पदवीपुरता नाही. एका मोठ्या ग्रंथालयाची ऑनलाइन सूची उघडून मी तिला समोर बसवले. तिने 'पूर' टाइप केले. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर अशी रांग लागली, मधूनच एक 'अपूर्व' डोकावले. आम्ही दोघी हसलो. मग तिने 'गोदावरी पूर' असे लिहिले, तर निकाल शून्य.

त्या पुरावरची पुस्तिका सूचीत होती. मला पक्के ठाऊक होते, कारण दोन वर्षांपूर्वी मीच ती तिथून मागवली होती. पण शीर्षकात शब्द होता 'पुराच्या'. पु ऱ्हस्व.

दोष मुलीचा नाही आणि शीर्षकाचाही नाही. प्रत्यय लागला की मराठी शब्द आतून बदलतो: पाणी, पाण्याचे, मूल, मुलांचे, पूर, पुराचा. शाळकरी पोराला कळते ते यंत्राला कोणी शिकवलेलेच नाही. ते अक्षराला अक्षर जुळवते, म्हणून नको तिथे जुळते आणि हवे तिथे चुकते. त्यात आमच्या शहराचे नाव जुन्या प्रकाशनांत 'नासिक', नव्यांत 'नाशिक'. आणि युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या नोंदी पडद्यावर उमटतात त्या कुठल्याच भाषेत नसतात.

त्या दिवसानंतर मी एक उद्योग केला. ओळखीच्या पाच वाचकांना एकेक करून संगणकासमोर बसवले: निफाडचे एक द्राक्षबागायतदार, एक नर्सिंगची विद्यार्थिनी, स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा, एक प्राध्यापिका आणि नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. प्रत्येकाला शोधायचे एकेक काम दिले आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. मी मागे खुर्ची टाकून गप्प बसले. हेच फार अवघड गेले. जीभ सारखी 'अहो, डावीकडे बघा' म्हणायला वळवळायची.

बागायतदारांनी एका शोधप्रबंध संग्रहात 'डाऊनी' शोधले. काही नाही. पिंपळगावापासून सांगलीपर्यंत द्राक्षावरच्या या रोगाला शेतकरी डाऊनी म्हणतो; संग्रहात तो 'केवडा' म्हणून नोंदवलेला. कार्डांचे कपाट होते तेव्हा आम्ही 'डाऊनी: केवडा पाहा' असे कार्ड हाताने लिहून आत खोवायचो. संगणक आला आणि 'पाहा' कार्ड गेले. काका 'शोधनिकष परिष्कृत करा' या बटणापाशी अडले. "बाई, हे साखर कारखान्याचं काही आहे का?" नर्सिंगच्या मुलीकडे फक्त मोबाइल होता. त्यावर बटणे एकमेकांवर चढलेली, आणि ओटीपी येईपर्यंत पान बंद.

ही काही माझी अक्कल नाही. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन 2000 सालापासून सांगत आले आहेत की मोठे दोष हुडकायला पाच माणसे बहुधा पुरतात. वाचक निरनिराळ्या प्रकारचे असले तर प्रत्येक गटातली थोडी थोडी घ्यावीत. वापरसुलभता मोजणारी जॉन ब्रुक यांची दहा विधानांची प्रश्नावली 1986ची आहे, ती भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. खर्च काय, तर चहा.

आपल्याकडे तपासणी होत नाही असे नाही. ग्रंथालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना ग्रंथ मोजतात, दैनिके, नियतकालिके मोजतात. संशोधन नियतकालिकांच्या बाबतीत डाउनलोड मोजतात. पण ज्याला सापडले त्याचीच ही मोजदाद. हात हलवत परत गेलेला कोणत्या रकान्यात बसतो? सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना संशोधन नियतकालिके ऑनलाइन वाचता यावीत म्हणून केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला नोव्हेंबर 2024मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि सुमारे 13,000 नियतकालिके. चांगलेच झाले. पण दार उघडले म्हणजे वाचकाला आतले कपाट सापडले, असे नव्हे. (आमच्या सार्वजनिक ग्रंथालयांना त्या योजनेत जागाच नाही, ते दुखणे वेगळ्या पत्रात.)

मागणी एकच. आपल्या विभागाच्या पैशातून कुठलीही ऑनलाइन सूची किंवा डेटाबेस घ्यायचा असेल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी त्यावर खरे वाचक बसवा. पुरवठादाराची माणसे नकोत आणि शक्यतो आम्ही ग्रंथपालही नकोत. आम्हाला चोरवाटा पाठ असतात. पाचपैकी किती जणांना सापडले आणि प्रत्येक जण कुठे अडला, एवढा एक कागद बिलाला जोडा. मराठी सामान्यरूपे (प्रत्यय लागताना बदलणारी 'पुरा-'सारखी रूपे) ओळखणे आणि 'पाहा' नोंदी या अटी निविदेतच लिहा. दर 12 ऑगस्टला आम्ही भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे आहे वाचकाचा वेळ वाचवा.

सिंहस्थाच्या बैठकांसाठी आपले नाशिकला येणे होईलच. तेव्हा अर्धा तास काढा. संगणकासमोर दोन खुर्च्या ठेवते. पुढच्या खुर्चीवर आपण बसा आणि 1969चा पूर शोधा. मागच्या खुर्चीवर मी असेन, आणि मध्ये बोलणार नाही.

आपली,
नाशिकमधील एक ग्रंथपाल