आरव्हीसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) जागा निवडण्याबाबत सदस्यांना सूचना

कॅलिफोर्नियातील राज्य उद्यानांत मुक्कामाची जागा आरक्षित करू इच्छिणाऱ्या सदस्यांना कळविण्यात येते की, बहुतेक ठिकाणी आरक्षण सहा महिने आधी सकाळी ८ वाजता खुले होत असल्याने जागेचा क्रमांक आदल्या दिवशीच नकाशावर ठरवून ठेवावा. छायाचित्रातील सावलीला भुलू नये (रेडवूड वृक्षांच्या दाट छायेत छपरावरील सौर पॅनेल जवळजवळ निरुपयोगी ठरते). आधी जागेची लांबी पाहावी आणि आपली गाडी मागील सायकल-स्टँडसह टेपने मोजावी. फायफर बिग सर या राज्य उद्यानात मोटरहोमसाठी (स्वतःचे इंजिन असलेली आरव्ही) ३२ फूट व ट्रेलरसाठी (दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यायची आरव्ही) २७ फूट अशी मर्यादा असून वीज-पाण्याची जोडणी नाही. जनरेटरही सकाळी १० ते रात्री ८ या वेळेतच चालविता येत असल्याने, ज्यांना झोपताना श्वसनयंत्र लागते त्यांनी बॅटरीची सोय आधीच करावी.

स्वच्छतागृहालगतची जागा सोयीची वाटली तरी रात्रभर दार आपटत राहते आणि विजेरीचे झोत खिडकीवर येतात. उताराची जागा टाळावी. मागील सहलीत आमची गाडी कलती राहिल्याने फ्रीज बंद पडला आणि श्रीखंडाचे पातेले सकाळीच संपवावे लागले. चाकांखाली ठेवायचे लाकडी ठोकळे प्रत्येकाने सोबत आणावेत.