होल्स्टर, आरी आणि बाबांची रापी

प्रिय आई-बाबा,

सा. न. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी टेबलावरचं चामडं बघितलं आणि "हे काय काढलंयस आता" म्हणून विचारलं, आणि तेवढ्यात नेट गेलं ते गेलंच. फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा म्हटलं लिहूनच पाठवावं, ताईला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगा.

आधी आईची काळजी. आई, मी रविवारी जातो ते काउबॉय शूटिंग म्हणजे इथला एक खेळ आहे, माणसं १८८०-९० च्या काळातले कपडे घालतात, हॅट घालतात, प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं आणि लोखंडी पाट्यांवर नेम मारायचा, टायमर लावून. एक पाटी चुकली की पाच सेकंद वाढतात. दोन रिव्हॉल्वर, एक रायफल, एक शॉटगन, सगळं जुन्या पद्धतीचं. ग्रीन कार्ड झाल्यावरच मी यात पडलो, आणि नियम इतके कडक आहेत की तू बघितलंस तर तुझी अर्धी भीती तिथंच जाईल. रिव्हॉल्वरमध्ये सहा घरं असतात पण पाचच गोळ्या भरतात, घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, त्याच्याखालचं घर रिकामं ठेवतात. भरायचं टेबल वेगळं, रिकामं करून दाखवायचं टेबल वेगळं, दोन्हीकडं दुसरा माणूस बघत उभा असतो. घरी सगळं कुलपात असतं.

आता चामड्याचं. रिव्हॉल्वर कमरेला ज्या म्यानात ठेवतात त्याला होल्स्टर म्हणतात, आणि मी ते सेकंडहँड घेतलेलं, पट्टा आणि दोन होल्स्टर, दिसायला एकदम झकास. पण ज्यानं विकलं त्यानं सांगितलं नाही (किंवा त्यालाही माहीत नसेल) की ते रुगर कंपनीच्या जुन्या व्हॅकेरो रिव्हॉल्वरसाठी बनवलेलं. माझी आहे न्यू व्हॅकेरो. जुनी १९९३ ची, नवी २००५ मध्ये आली आणि तिचं अंग जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरसारखं बारीक केलं, त्यामुळं माझी रिव्हॉल्वर त्यात सैल बसते, लहान पोराच्या पायात मोठ्या माणसाची चप्पल घातल्यासारखी. शिवाय ते साडेसात इंची नळीचं होतं, माझी साडेपाच इंची, म्हणजे खाली दोन इंच नुसतं रिकामं लोंबतंय.

तर मागच्या महिन्यात मॅचला रिव्हॉल्वर मारून झाली, होल्स्टरमध्ये परत ठेवली, शॉटगन घ्यायला वाकलो आणि ती सरकून खाली वाळूत पडली. पाचही गोळ्या मारून झालेल्या होत्या, कुणाला काही झालं नाही, पण पडलेलं हत्यार आपण उचलायचं नसतं, देखरेखीला असलेला रेंज ऑफिसरच उचलतो, तपासतो, मग आपल्या हातात देतो. त्या स्टेजमधून, म्हणजे त्या फेरीतून, मी बाद. आत गोळी असती तर पूर्ण मॅचमधूनच बाद केला असता, आणि ते बरोबरच आहे. पण तो माणूस वाकून माझी रिव्हॉल्वर उचलत होता तेव्हा मला बाबा, खरं सांगतो, तुमचीच आठवण झाली, एकदा एका गिऱ्हाइकाच्या पायातून चालता चालता चपलेचा अंगठा निसटला तर तुम्ही ती जोडी परत घेतलेली आणि रात्री बसून सगळी उसवून पुन्हा शिवलेली. वस्तू अंगावर नीट बसली नाही तर ती वस्तूच नाही म्हणायचा तुम्ही.

म्हणून ठरवलं की हे आपणच दुरुस्त करायचं. आणि इथंच चूक केली. घाईघाईत ऑनलाइन चामडं-कामाचा एक सेट मागवला, तीस-पस्तीस नग, डबा बघून जीव हरखला. आरी पहिल्याच दिवशी वाकली. कडा सोलायच्या हत्यारानं कड सोललीच नाही, नुसती ओरबाडली. चाकू दाबला की चामडं कापण्याऐवजी दबत होतं. मी तुमचा मुलगा असून असा डबा घेतला याचं फार वाईट वाटलं, कारण आपल्या घरात हत्यारं म्हणजे किती, मोजून सहा-सात, आणि त्यावर तुम्ही चाळीस वर्षं काढली.

क्लबमध्ये एक आजोबा आहेत, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर घोड्यांची खोगिरं बनवली. त्यांना डबा दाखवला तर त्यांनी शांतपणे झाकण लावलं आणि एका कागदावर चार नावं लिहून दिली. पहिलं चाकू. त्यांचा अर्धचंद्रासारखा असतो, मूठ मधोमध, आणि ओढायचा नाही, पुढं ढकलायचा. हातात घेतला आणि मनगटाला ओळख पटली, ही तर आपल्या चामडं कापायच्या रापीचीच बहीण! त्यांचा स्वतःचा ऑसबोर्नचा आहे, न्यू जर्सीची कंपनी, १८२६ पासून हेच बनवतात. विकत घेताना पोलाद बघ, चकाकी बघू नकोस म्हणाले, आणि दगडावर लावून झाल्यावर चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट लावून घासायचा, दर पंधरा-वीस मिनिटांनी, काम करता करताच.

दुसरी आरी. गोल टोकाची नाही, पात्याचा काप शंकरपाळ्यासारखा पाहिजे, म्हणजे भोक पडत नाही, चीर पडते आणि दोरा ओढला की चामडं परत मिटून दोऱ्याला धरून बसतं. इथं बरेच जण ड्रिलनं भोकं पाडतात, जाड चामड्याला सोपं जातं हे खरं, पण ड्रिल चामडं काढून टाकतं आणि भोक कायमचं उघडं राहतं. मला ते पटत नाही. तिसरं कडा सोलायचं, दोन नंबरचं, आणि चौथं शिलाईची खाच पाडायचं, म्हणजे दोरा पृष्ठभागाच्या खाली बसतो आणि रोजच्या घासण्यानं झिजत नाही. कड घोटायला खाचेचा लाकडी तुकडा मी स्वतःच तासला. नक्षीचे ठसे, शिलाई मशीन, काही घेतलं नाही. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की बाकीची ढिली पडत जाते, दोन सुयांच्या हातशिलाईत प्रत्येक भोकातून दोन्ही टोकं जातात, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. आई, तुझी वेणी आठवते मला, दोन्ही हात सारखेच चालायचे आणि तू बघायचीस टीव्हीकडं. मला एका इंचात सात टाके घालायला सुद्धा जीभ दाताखाली धरावी लागते.

चामडं ओळखीचं आहे बाबा. क्रोमनं कमावलेलं इथं चालत नाही, ते मऊ पडतं आणि ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही. झाडाच्या सालीत कमावलेलंच लागतं, होल्स्टरला साधारण तीन ते चार मिलीमीटर जाड. तुकडे सेंट लुईसच्या हर्मन ओक टॅनरीचे मिळाले, १८८१ पासूनची आहे. तिकडं आपली बाभळीची साल आणि हिरडा, वास थोडा वेगळा, पण पार्सल उघडलं आणि मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

आधी खालचं टोक कापलं. कागदावर तीनदा आखलं, एकदा कापलं की परत चिकटवता येत नाही. मग जुन्या शिलाईच्या आत चारेक मिलीमीटरवर नवीन ओळ घातली आणि मग होल्स्टर कोमट पाण्यात बुडवून काढलं. रिव्हॉल्वर रिकामी, दोनदा तपासलेली, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून आत घातली. प्लास्टिक गंज लागू नये म्हणून, हे सगळेच सांगतात, पण ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो आणि तो जात नाही हे मला कुणी सांगावं लागलं नाही. तुम्ही ओलं चामडं दगडावरच ठेवायचात, लोखंडाजवळ जाऊ द्यायचा नाहीत, आणि मी एकदा त्यावर खिळ्यांची डबी ठेवली म्हणून पाठीत धपाटा खाल्लेला. मग हाडाच्या पट्टीनं हळूहळू दाबत गेलो, आणि गोळ्यांच्या गोल घराचा फुगीर आकार बाहेरून दिसायला लागला, नखाचा ओरखडासुद्धा उठतो अशा वेळी, म्हणून नखं आधी कापून घेतलेली. फिनिक्सच्या कोरड्या हवेत पटकन वाळतं, पण उन्हात ठेवलं नाही, पंख्याखाली एक दिवस आणि एक रात्र.

वाळल्यावर रिकामी रिव्हॉल्वर घालून उलटं धरून हलवलं. पडली नाही. तोंड मात्र अजून मिटतंय, न बघता एका हातानं परत ठेवता येत नाही, तिथं आतून आणखी एक पट्टी शिवून ते उघडं राहील असं करायचंय. हे डावं होल्स्टर झालं, उजवं अजून तसंच आहे. फेब्रुवारीत इथं बेन एव्हरी रेंजवर विंटर रेंज म्हणून राष्ट्रीय स्पर्धा असते, तिथं मी नंबरात येणार नाही, पण कमरेला आपल्या हातचं काम असावं असं फार वाटतंय.

तर बाबा, एक मागणं आहे. आजोबांनी सांगितलेला चाकू मी अजून घेतला नाही, त्यांचाच मागून वापरला. तुमची लहान रापी, जिची मूठ तुम्ही सुतळीनं गुंडाळलेली, ती आता वापरात नसेल तर मला पाहिजे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही कापायला बसत नाही असं ताई म्हणाली. पण अजून अधूनमधून काढत असाल, हातात नुसती धरून बसत असाल तरी अजिबात पाठवू नका, मी इथं घेईन, मनापासून सांगतोय. आणि आई, तोंडाची पट्टी मी चामड्याच्या वादीनं शिवू का मेणाच्या दोऱ्यानं, हे तू सांग, वादी घामानं ताणते का इतकंच मला कळत नाहीये.

ताई जानेवारीत येतेय. रापी देणारच असाल तर पात्यावर थोडं तेल लावून जुन्या पेपरमध्ये चार घड्या करून गुंडाळा, आणि मोठ्या बॅगेतच घालायला सांगा, हातातल्या नाही, विमानतळावर काढून घेतात. धार लावू नका. धार मी इथं लावीन आणि व्हिडिओ कॉलवर कागद कापून दाखवीन, तुम्ही सांगा जमली का.

तुमचा,
बाळू