लालीचं पोट उघडलंय

मन्या,

आठ महिन्यांत तुझ्या तीन मेसेजना मी नुसता अंगठा दाखवलाय. काकांच्या वेळीही धड बोललो नाही. शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी हे वाच, कारण वैशूला सांगितलं तर ती म्हणाली "मग नवीन घे ना", आणि गोट्याला सांगून उपयोग नाही, तो हल्ली फक्त एसआयपीवर बोलतो. आई बरी, गुडघे तेच. माझी शुगर काठावर. झालं.

तर लालीचा, आपल्या इलेक्ट्रिक गिटारचा, ब्रिज पिकअप गेला. तारांचा आवाज पकडणाऱ्या तीन कॉइलींपैकी खालच्या टोकाचा, ब्रिजजवळचा; मधला मिडल, मानेजवळचा नेक.

परवा माळ्यावरून काढली, अँपला लावली, स्विच ब्रिजवर टाकला तर चिडीचूप. नेक चालू, मिडल चालू. पिकगार्डचे, म्हणजे वरच्या झाकणपट्टीचे, अकरा स्क्रू काढले (त्यातले तीन कपाटाचे, तुझी करामत) आणि आत बघतो तर काय, तुझी चॉकलेटची चांदी! शील्डिंग म्हणून, म्हणजे बाहेरच्या विजेची घरघर (हम) अडवायला, फेविकॉलने चिकटवलेली, रात्री दोन वाजता, कोपरीच्या खोलीत, आठवतंय? लेका, ती तू अर्थला जोडलीच नव्हतीस. म्हणजे इतकी वर्षं त्या चांदीने मुंग्या पोसण्यापलीकडे काही केलं नाही, आणि तू मात्र दर प्रोग्रॅमला "बघ, हम कमी झाला ना" करत मिरवायचास.

मल्टिमीटर लावला. बाकीचे दोन सहा हजार ओहमच्या आसपास, ब्रिजला काहीच नाही, कॉइल तुटलीय. जांभळी नाक्याजवळ पंखे वाइंडिंग करणाऱ्याकडे नेला तर तो म्हणे "साहेब, ही तार आहे की केस?" बेचाळीस गेजची तार, मिलिमीटरचा सोळावा हिस्सा, आठ हजारांच्या घरात वेढे. त्याने हात जोडले.

आता नवीन कुठला टाकू यावर तीन आठवडे झोप नाही. साधा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, टाकला तर जुना आवाज परत येतो, पण इथे घोडबंदरला सोसायटीचा पंप, वरच्यांचा मिक्सर, आमची ट्यूबलाइट, सगळ्यांचा ५० हर्ट्झ त्यातून ऐकू येणार. शिवाय तो मिडलशी उलट्या फेजचा निघाला की दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पडसं झाल्यासारखा नाकातून. मग रेल्सवाला बघितला, सिंगलच्याच मापात दोन बारक्या कॉइल, हम जातो, लाकडाला हात लावायला नको. पण तो सोळा-सतरा हजार ओहमचा. ओहम म्हणजे आवाज नव्हे हे मलाही कळतं, तार बारीक केली तरी ओहम वाढतात, तू लगेच लेक्चर देऊ नकोस. तरी तो तापटच, म्हणजे आवाज जोरात, ब्रिजवरून नेकवर आलो की मागून कुणी गळा दाबल्यासारखं होणार. तारांपासून जरा खाली बसवून बघता येईल म्हणा. किंमत ऐकून वैशूला अजून सांगितलेली नाही, तेवढ्यात तेव्हा अख्खी लाली आली होती.

आणि तिसरा, खरा मोठा हमबकर, हम मारणारा पूर्ण मापाचा दोन कॉइलवाला. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ ला काढला तोच प्रकार. त्यासाठी पिकगार्ड कापायचा, नॉबखालची पॉटं ५०० के ची (पाच लाख ओहमची) हवीत (लॅमिंग्टन रोडला मिळतील), आणि मुख्य म्हणजे लाकूड कोरावं लागेल. आपल्या लालीत खड्डा आधीपासून मोठा असेल म्हणून आशेने पट्टी लावून बघितली, नाहीये.

म्हणून हे पत्र. लाली अर्धी तुझी आहे. पैसे निम्मे-निम्मे टाकले होते, आणि तू पुण्याला जाताना "राहू दे तुझ्याकडे" म्हणालास, "घे" नाही म्हणालास. मला फरक कळतो.

पण खरी गंमत पुढे. वायरिंग बघताना लक्षात आलं, आपल्या ब्रिजला टोनचा, म्हणजे आवाजाची धार कमी करायचा, नॉबच जोडलेला नाही! दोन्ही टोन नेक आणि मिडलला, फेंडरच्या १९५४ च्या पहिल्या स्ट्रॅट गिटारपासून हीच रीत, आणि कॉपीवाल्यांनी तीच उचलली. म्हणजे तू "कानात सुई, कानात सुई" करून मला ब्रिजवरून खाली उतरवायचास, मी नॉब पिळून "बघ, कमी केला" म्हणायचो, तो नॉब भलत्यालाच जोडलेला. स्विचवर दोन इंच वायर टाकली असती तर गडकरीच्या मागच्या गल्लीत आपण आठवडाभर अबोला धरला नसता. तू बरोबर होतास. हे एकदाच लिहितोय, स्क्रीनशॉट काढून ठेव.

तुझं नवीन ऑफिस कसंय? वहिनींचा पाय बरा झाला का? ईशाची दहावी ना यंदा, तिला गिटार-बिटार दाखवू नकोस.

कोरू की नको, एवढं कळव. आणि ते तीन स्क्रू नक्की कुठल्या कपाटाचे होते रे? आईच्या कपाटाचा दरवाजा तेव्हापासून लोंबतोय आणि ती अजून मलाच बोलते.

तुझा,
सुध्या