दिवा बघू नका, ओहम विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हेडफोनसाठी परवडणारा ट्यूब ॲम्प्लिफायर कसा घ्यावा यावर लेख आला. फोनवर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. किंमत आहे, रंग आहे, 'उबदार आवाज' नऊ वेळा आहे (मोजलं). आपला हेडफोन किती ओहमचा आहे, म्हणजे विजेला किती अडवतो, ते आधी पाहा, हे मात्र एकदाही नाही. पायाचं माप न घेता चपला आणायला धाडल्यासारखं झालं, म्हणून हे पत्र.

मी सांगणारी कोण, असं कुणी विचारेल. १९५५ साली इंदूरला आकाशवाणी केंद्र आलं आणि घरोघरी रेडिओ घ्यायची हौस वाढली. आमच्या अण्णांचं राजवाड्यामागच्या गल्लीतलं दुरुस्तीचं दुकान त्या हौसेवरच चाललं. शाळेतून आले की माझ्याकडे काम ठरलेलं: व्हॉल्व्ह (तुमच्या लेखातल्या ट्यूब त्याच) उपसायचे, त्यांचे पाय ब्लेडने खरवडायचे, टेस्टरवर लावायचे आणि काटा कुठवर गेला ते ओरडून सांगायचं. अण्णा म्हणायचे, नावातच सगळं असतं. 'ई' म्हणजे फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट, 'सी' म्हणजे ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह), दोन 'सी' म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. नाव 'यू'ने सुरू झालं तर हात मागे, कारण तसल्या सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसे आणि चेसिसवरच (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावरच) मेनचा करंट खेळे. सहावीत असताना मी त्याचा एक झटका खाल्लाय. पुढे ३१ वर्षं एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, पण खरं शिक्षण त्या दुकानातलंच.

आता तुमच्या लेखाचा परिणाम ऐका. भाच्याने तो वाचला आणि त्याच रात्री ३,४०० रुपयांचा एक डबा ऑनलाइन मागवला. पुढे दोन चिमुकले व्हॉल्व्ह, त्यांच्या बुडाशी नारिंगी उजेड, ॲल्युमिनियमचा जाडजूड नॉब. "मावशी, कसा दिसतो?" दिसायला देवघरात ठेवावा असा. हेडफोन लावला तर आवाज फोनपेक्षा बारीक. मी डबा बंद केला, निवू दिला, दोन्ही व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले आणि पुन्हा अडॅप्टर लावला. व्हॉल्व्ह टेबलावर, उजेड डब्यात, जसाच्या तसा! सॉकेटच्या मधल्या भोकाखाली एलईडी बसवलेला.

व्हॉल्व्ह खोटे होते असं नाही. ६जे१ होते, चिनी बनावटीचे, सात पायांचे, अमेरिकन ६एके५च्या घराण्यातले. फिलामेंटही तापत होतं. पण या बापड्यांचा स्वतःचा उजेड इतका मंद की दिवसा ओंजळीत धरून बघावा लागतो, म्हणून गिऱ्हाइकासाठी ही रोषणाई. त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. तो डबा हेडफोनसाठी नव्हताच. तो प्रीॲम्प होता, म्हणजे मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आधी जोडायची वस्तू. हेडफोनसारखा भार ओढायची त्याची ताकदच नाही. भाच्याने मागच्या आउटपुटला पिन जोडून हेडफोन लटकवला होता, आणि विकणाऱ्याच्या जाहिरातीत 'हेडफोन' शब्द असल्याने त्याला तरी काय बोलायचं?

मग आम्ही जेल रोडला गेलो. एका दुकानात मी विचारलं, याचा आउटपुट इम्पिडन्स (ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आतला अडथळा) किती? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटीजी, ओम-वोम छोड़ो, साउंड सुनो, लाइट देखो!" साउंड ऐकायला दुकानात हेडफोन नव्हता.

तर ओम-वोम. कानाला भरपूर होईल असा १०० मिलीवॅटचा जोर धरू. ३०० ओहमच्या हेडफोनला त्यासाठी साडेपाच व्होल्ट लागतात, पण करंट जेमतेम १८ मिलीअँपिअर. ३२ ओहमच्या हेडफोनला व्होल्ट १.८ पुरतात, करंट मात्र ५६ मिलीअँपिअर. व्हॉल्व्ह व्होल्ट द्यायला उदार आणि करंट द्यायला कंजूष. रेडिओत म्हणूनच ईएल८४ हा शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असायचा. चांगला ट्रान्सफॉर्मर महाग पडतो. तेव्हा स्वस्तातल्या निखळ व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो गाळतात आणि त्याला ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर-लेस) म्हणतात. ओटीएलचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम धरा. ३२ ओहमचा हेडफोन लावलात तर तयार झालेल्या व्होल्टपैकी जेमतेम पाव भाग कानापर्यंत येतो, बाकीचा घरातल्या घरातच जिरतो. ३०० ओहमच्या हेडफोनला पाऊण भाग मिळतो. शिवाय हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. खर्जाकडे ते चढले की डग्गा फुगतो आणि बाकीचं मागे पडतं.

हेडफोनचे ओहम ॲम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान आठपट असावेत असा एक ढोबळ हिशेब आहे. माझ्याकडे लेकीने दिलेला सेनहायझर एचडी ६०० आहे, ३०० ओहमचा, आणि ॲम्प्लिफायर ओटीएल. म्हणजे हा हिशेब मीच मोडते. डग्गा किंचित फुगतोही. मला आवडतो. पण ते माहीत असून घेतलेलं आहे.

नुसत्या मॉडेलच्या नावावरही जाऊ नका. बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघालेला आहे. मित्राकडे ऐकला आणि तोच मागवला म्हणाल, तर मित्राचा कुठला होता?

बहुतेकांचे हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचे असतात. त्यांनी व्हॉल्व्हचा हट्टच असेल तर हायब्रिड बघावा: पुढे व्हॉल्व्ह, मागे करंट द्यायला ट्रान्झिस्टर. सहा-सात हजारांत मिळणारे बरेचसे हेच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त एक माहीत असू द्या. ईसीसी८२ या व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये प्लेटला २५० व्होल्ट देऊन आकडे लिहिलेले आहेत आणि अशा काही डब्यांत त्याला २४ व्होल्टवर भागवावं लागतं. अर्धपोटी गवई गातो, पण तान मारताना दमतो. हट्ट नसेल तर साधा ट्रान्झिस्टरचा घ्या, उरलेल्या पैशांत बरा हेडफोन येईल. व्हॉल्व्हवाल्याच्या मुलीने हे म्हणावं, याचं मलाही जरा वाईट वाटतंच.

मग तो 'उबदार आवाज' म्हणजे नेमकं काय? व्हॉल्व्ह मूळ सुरात आपली थोडी भर घालतो, मुख्यतः दुप्पट कंपनांची. तंबोरा लावणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. सा ची दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे वरचा पंचम. भर वरच्या सा ची असली की कान तिला गोडवा म्हणतो. पण ही भेसळच, दुधात साखर घालावी तशी. देवासच्या कुमारजींचे (कुमार गंधर्वांचे) तंबोरे ज्याने एकदा लक्ष देऊन ऐकलेत त्याला ती साखर कधी हवीशी वाटते, कधी मुळीच नको होते. मी गायिकांचं गाणं व्हॉल्व्हवर ऐकते आणि तंबोऱ्यासाठी कुमारजी सरळ फोनच्या पिनवर.

खरी परीक्षा गाण्यात नाही, गाण्याच्या मधल्या जागेत आहे. आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातलं गाणं लावा. चौदा मात्रा संपता संपत नाहीत आणि दोन बोलांच्या मधल्या शांततेत स्वस्त ॲम्प्लिफायरची गुणगुण उघडी पडते. दुकानात आधी गाणं लावूच नका. आपला हेडफोन नेलेला असावा, आवाज बारीक ठेवून हळूहळू वाढवा आणि काय ऐकू येतं ते बघा. नंतर पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी. टण्ण असं कानात वाजून घुमत राहिलं तर तो व्हॉल्व्ह बदलून मागा. अण्णा स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हेच करायचे. घरी आल्यावर गुणगुण सुरू झाली तर लगेच ॲम्प्लिफायरला दोष देऊ नका. माझ्याकडे ती लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर थांबली.

भाच्याला नंतर अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात बेलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) ईसीसी८३ सापडला आणि तो मित्राच्या ईसीसी८२च्या हायब्रिडमध्ये बसवायला निघाला, "मावशी, पाय सेम आहेत!" पाय सेम आहेत, काम नाही. ८२ आवाज सतरापट वाढवणारा, ८३ शंभरपट, आणि करंटला ८३ फारच हात आखडता. आवाज फाटला असता, एवढंच. ईसीसी८८चं दुखणं मोठं आहे. दिसायला तोही तसाच, पण त्याच्या फिलामेंटला ६.३ व्होल्टच हवेत. ज्या सॉकेटमध्ये ईसीसी८२ला चौथ्या-पाचव्या पायावर १२.६ मिळतात तिथे तो बसवलात तर जळालाच म्हणून समजा.

मी शेवटी भोपाळच्या एका शौकिनाकडून वापरलेला ओटीएल ११,५०० रुपयांना घेतला. त्यात व्हॉल्व्ह दोन: एक ६एसएन७, एक ६०८०. त्या ६०८०चं फिलामेंट एकटंच जवळजवळ १६ वॅट खातं, तेव्हा मे महिन्यात इंदुरात तो रात्री अकरानंतरच लावायचा. तो तापेपर्यंत मी हेडफोन जोडत नाही, कारण सुरू होताना आउटपुटवर धक्का येतो. आतमध्ये दीडशेच्या वर व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात, म्हणून झाकण मी भाच्याला उघडू देत नाही. हे वाक्य तुमच्या लेखात ठळक अक्षरांत हवं होतं.

लेखाच्या शेवटी 'क्रमशः' आहे. पुढच्या भागात प्रत्येक ॲम्प्लिफायरपुढे किमतीबरोबर तीन गोष्टी छापाव्यात ही विनंती: प्रीॲम्प आहे, हायब्रिड आहे की ओटीएल, आउटपुट इम्पिडन्स किती, आणि ३२ व ३०० ओहमला मिलीवॅट किती. विकणारा हे सांगत नसेल तर 'सांगत नाही' असं छापा.

आपली नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर

ता. क. लेखातल्या छायाचित्राखाली 'ईसीसी८३' असं लिहिलंय. चित्रातल्या व्हॉल्व्हला सात पाय आहेत. ईसीसी८३ला नऊ असतात. नावातला ८ तेच सांगतो.