बाबांच्या चालीचा अर्ज

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या डोळ्याला अजून ताण नको, तेव्हा आई, पत्र तूच मोठ्याने वाच. मध्ये एका ठिकाणी तुझा विषय निघणार आहे. तिथे आवाज खाली आणून पुढे सरकायचं नाही.

फोनवर बाबा चिडले होते. इथल्या, न्यू जर्सीतल्या, कुठल्याशा मंडळाच्या गणेशोत्सवात पोरांनी त्यांच्या चालीतला तो तुकोबांचा अभंग गायला, व्हिडिओ फिरत फिरत सांगलीपर्यंत पोचला आणि खाली लिहिलेलं, 'संगीत : पारंपरिक'. "मी अजून जिवंत आहे आणि पारंपरिक झालो," असं बाबा म्हणाले. ते मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. त्यापुढचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. "मुलगी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात आणि बापाची चाल बेवारशी!" यावर फोनवर उत्तर देणं मला जमेना. म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमच्या डोक्यात आपलं परिनिरीक्षण मंडळ आहे. संहिता पाठवायची, कुणीतरी अनोळखी माणूस ती वाचणार, दोन शिव्या आणि एक चांगला विनोद कापून परत पाठवणार, मग प्रयोगाला परवानगी. मी इथे बसून तसलंच काही करते असं तुम्हाला वाटतं. पण आमच्याकडे परवानगी मागायला कुणी येत नाही. गाणं कागदावर उतरलं किंवा ध्वनिमुद्रित झालं की हक्क तिथेच तयार होतो, कुणाला विचारावं लागत नाही. आमच्याकडे लोक येतात ते त्या हक्काची सरकारदरबारी नोंद करायला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या ग्रंथालयात, हे काम १८७० पासून आहे आणि १८९७ पासून त्याचं स्वतंत्र खातं आहे. त्यात प्रयोगकलांचा जो विभाग, त्यात मी. गाणी, नाटकं, पटकथा, सिनेमे, नाच, मूकाभिनय, सगळं आमच्या टेबलावर येतं.

अर्ज ऑनलाइन येतो, सोबत फी आणि कृतीची एक प्रत. एका माणसाची एकच कृती असेल तर ४५ डॉलर, नाहीतर साधारण ६५. मी अर्ज आणि प्रत शेजारी शेजारी उघडते आणि एवढंच बघते की माणूस जे 'माझं' म्हणतो आहे ते त्या प्रतीत आहे का, आणि ते कायद्याने कुणाचं असू शकेल अशा जातीचं आहे का. अर्जात 'शब्द आणि संगीत' लिहिलेलं असतं आणि फाईल उघडावी तर नुसती गिटार वाजते. किंवा लेखक म्हणून कंपनीचं नाव असतं आणि तो माणूस तर स्वतःच्या घरी बसून लिहिणारा. मग मी पत्र लिहिते : 'शब्द कुठे आहेत?' 'तुम्ही नोकरीचा भाग म्हणून हे लिहिलंत का?' माझा निम्मा दिवस असली पत्रं लिहिण्यात जातो. माझ्या हुद्द्यात 'सीनियर' आहे म्हणून मी साहेब नव्हे, आई. गुंतलेले अर्ज माझ्याकडे येतात आणि नव्या लोकांची पत्रं जाण्याआधी मी वाचते, एवढाच फरक.

गाणं चांगलं की वाईट, हे मी बघायचं नसतं. बरंच झालं, कारण दिवसभरात जे ऐकते त्यावर मत द्यायचं म्हटलं तर नोकरी सोडावी लागेल. आणि बाबा, हे जरा शांतपणे ऐका : ते चोरलेलं आहे का, हेही मी बघत नाही. आलेली चाल जुन्या चालींशी ताडून पाहायची पद्धत आमच्याकडे नाहीच. अर्जदार खरं लिहिल्याची ग्वाही देतो. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर अडीच हजार डॉलरपर्यंत दंड आहे. पण एकाच चालीवर दोघांनी वेगवेगळे दावे नोंदवले, तर दोन्ही नोंदी राहू शकतात. खरं कोण हे कोर्टाने ठरवायचं.

आता तुम्ही म्हणणार, "मग उपयोग काय?" उपयोग आहे. प्रकाशनापासून पाच वर्षांच्या आत नोंदणी झाली असेल, तर कोर्ट तो दाखला सकृद्दर्शनी पुरावा मानतं, म्हणजे उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं. इथल्या कृतींसाठी तर आमचा निर्णय झाल्याशिवाय दावाच लावता येत नाही. नुसता अर्ज टाकून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हापासून कोर्टाची घाई असलेली माणसं ८०० डॉलर जास्तीचे भरून अर्ज रांगेत आधी घ्यायला लावतात. तुमची चाल भारतातली, म्हणून तुम्हाला इथे दावा लावायलाही नोंदणीची अट नाही. पण तुम्ही न्यू जर्सीच्या पोरांवर दावा लावणार आहात का, याचं उत्तर मला आईकडून ऐकायचं आहे.

सगळ्यात मजा नाचांच्या अर्जांत येते. नृत्यरचना आमच्या कायद्यात नावानिशी आली ती १९७८ च्या सुरुवातीपासून. त्याआधी नाच नोंदवायचा तर तो नाटकाच्या पोटात घालावा लागे. हान्या होल्म या नृत्यदिग्दर्शिकेने १९५२ मध्ये एका ब्रॉडवे संगीतिकेतले नाच लाबानोटेशन नावाच्या नृत्यलिपीत उतरवून नोंदवले, ते असेच. आजही प्रत्येक हालचाल 'रचना' ठरत नाही. इथे टीव्हीवरच्या एका जुन्या पात्राचा हात हलवत नाचायचा प्रकार फार गाजला होता. एका व्हिडिओगेममध्ये तो दिसला तेव्हा त्या नटाने नोंदणी मागितली, आणि २०१९ मध्ये आमच्या ऑफिसने नाकारली. कारण दोन-तीन सोप्या पावलांची गोळाबेरीज म्हणजे नृत्यरचना नव्हे. लोक चिडले. मला विचाराल तर निर्णय बरोबरच होता. उद्या कुणी लेझीमचे चार हात किंवा फुगडीची गिरकी स्वतःच्या नावावर करायला निघाला तर? योगासनांच्या क्रमाचंही असंच झालं. एका प्रसिद्ध योगगुरूंनी आपल्या २६ आसनांच्या मालिकेवर हक्क सांगितला, आणि २०१५ मध्ये इथल्या अपील कोर्टाने तो उडवून लावला : ही आरोग्याची पद्धत आहे, आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो.

बाबा, पेटीवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. जे कुठेच उतरलं नाही, कागदावर नाही, टेपवर नाही, ते या कायद्याला दिसत नाही. बैठकीत रात्री दोन वाजता गवयाने घेतलेली ती तान, जिच्यावर तुम्ही पेटीचा भाता सोडून नुसते बघत बसलात, ती आमच्या हिशेबी झालीच नाही. मला हे कधीच पटलेलं नाही. पण नियम आहे तो आहे. रागाचंही तसंच. भैरवी कुणाची नाही, दादरा कुणाचा नाही. त्यांच्यातून बांधलेली एखादी नेमकी चाल मात्र कुणाची तरी असते.

आणि इथेच तुमचं 'पारंपरिक' येतं. हिंदी, मराठी, गुजराती गाणी आली की आमचे लोक मला हाक मारतात. या अर्जांत मला सगळ्यात जास्त त्रास हाच शब्द देतो. कुणी भजनाची नवी चाल लावतो आणि नम्रपणाने 'पारंपरिक' लिहून मोकळा होतो. दुसरा आजीकडून ऐकलेली ओवी स्वतःच्या नावावर टाकतो आणि वर 'शब्द-संगीत' दोन्ही रकाने भरतो. पहिल्याचं थोडं असतं ते तो सोडून देतो, दुसऱ्याचं काहीच नसतं तरी सगळं मागतो. दोघांनाही मी एकच प्रश्न लिहून पाठवते : यात नेमकं तुमचं काय?

तोच आता तुम्हाला विचारते, बाबा. तुमचा अर्ज माझ्यासमोर आला आहे असं समजू. (खरा आला तर तो मला हातात घेता येणार नाही. घरच्या माणसाचं काम दुसऱ्याकडे जातं.) शब्द तुकोबांचे, त्यांच्यावर कुणाचाच हक्क नाही, तेव्हा शब्दांच्या रकान्यात काही लिहायचं नाही. दावा फक्त चालीचा. चाल नाटकासाठी बांधली, नाटक राज्य नाट्य स्पर्धेत झालं, पुस्तक निघालं नाही, कॅसेट विकायला आली नाही. मग 'प्रकाशित' वर खूण करायची नाही. प्रयोग कितीही झाले, थिएटर खच्चून भरलं, तरी इथल्या कायद्याला तेवढ्याने प्रकाशन झालं असं वाटत नाही. या रकान्यात निम्मे नाटकवाले अडखळतात. प्रत कुठे आहे? तुमच्या त्या निळ्या वहीत नोटेशन आहे, आणि प्रयोगाची एक कॅसेट तबलेवाल्या काकांकडे होती. दोन्हींतलं एकही चालेल. पण स्पीकरवर लावून फोनने टिपू नका. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारे असतात, त्यांच्याकडे द्या.

आता लेखकाचा रकाना. इथे तुम्ही तुमचं एकट्याचं नाव लिहाल आणि मी तुम्हाला पत्र पाठवेन.

आई, थांबू नकोस. वाच.

मला ती तालीम आठवते. मी शाळेत होते, भिंतीला टेकून अभ्यासाचं सोंग करत होते. ध्रुपद बाबांनी बसवलं होतं, पण अंतरा जमत नव्हता. ते तोच तोच स्वर दाबत होते आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वर कशाला जाता, खालीच राहू द्या ना त्याला," आणि गाऊन दाखवलं. आत, पोळ्या लाटता लाटता. बाबांनी तेच पेटीवर धरलं. न्यू जर्सीच्या पोरांनी ती ओळ जशीच्या तशी गायली आहे. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला. बाबा नेहमी "आम्ही ती चाल केली" म्हणतात, तो 'आम्ही' मी आजवर मोठेपणाचा समजत होते. आता वाटतं, ते खरंच दोघांबद्दल बोलत असावेत.

कायद्याच्या भाषेत, दोघांनी आपापला भाग एकच वस्तू व्हावी म्हणून दिला, तर ती संयुक्त कृती होते. मग हक्क दोघांचा, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर समसमान, भले एकाने बारा ओळी दिल्या असोत आणि दुसऱ्याने एक. नुसती सूचना दिली असती, "जरा खाली घ्या" एवढंच म्हटलं असतं, तर आईचं नाव आलं नसतं. पण तिने गाऊन दाखवलं. बाबा, तुम्हीच सांगा, माझ्या आठवणीत काही चुकतं आहे का? चुकत असेल तर तसं लिहा. चुकत नसेल तर वहीत त्या पानावर आजच्या तारखेने दोन्ही नावं घाला.

हल्ली या रकान्यात आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे. माणूस दोन वाक्यं टाइप करतो आणि यंत्र पूर्ण गाणं काढून देतं, आवाजासकट. मार्च २०२३ मध्ये ऑफिसने सूचना काढली की यंत्राचा भाग नगण्य नसेल तर तो अर्जात सांगायचा आणि दाव्यातून वगळायचा. शब्द माणसाचे आणि चाल यंत्राची असेल, तर शब्दांपुरती नोंद होते. पुष्कळ लोक प्रामाणिकपणे सांगतात, काहींना खोदून विचारावं लागतं. "मी खूप वेळ घालवला" असं उत्तर येतं. वेळ घालवल्याचा कॉपीराइट नसतो, हे नम्र भाषेत कसं लिहायचं हे मला आता पाठ झालं आहे.

त्या पोरांचं काय करायचं ते मी ठरवणार नाही. माझं मत विचाराल तर त्यांना चिठ्ठी पाठवा : चाल अमुक नाटकासाठी, अमुक साली, अमुक दोघांनी बांधली, कृपया तसं लिहावं. ती सांगलीकडची कुणाची तरी मुलं-नातवंडंच असणार. कुणीतरी घरी शिकवलं म्हणून गायली, आणि शिकवणाऱ्याला तुमचं नाव माहीत नसेल. शब्द बदलायला त्यांना दोन मिनिटं लागतील. ऐकलं नाही तर पुढचं बघू. नोंदणी भारतात करायची की इथे, त्याबद्दल पुण्याच्या वकिलांशी तुम्ही बोला. माझ्या खुर्चीत बसून मी सल्ला दिलेला बरा दिसत नाही.

इथे आमच्या ऑफिसच्या जुन्या नोंदींची कार्डं आहेत, १८७० पासून १९७७ पर्यंतची, साडेचार कोटींच्या आसपास. कधीतरी काम आटोपलं की मी त्यातली आपल्याकडची नावं शोधते. फार थोडी सापडतात. आपले लोक लिहून ठेवायचा कंटाळा करतात, असं तुम्हीच म्हणायचा, आणि स्वतःची वही माळ्यावर टाकून ठेवायचा.

डोळ्यात औषध घालायच्या वेळा मी दादाला विचारून घेतल्या आहेत, तेव्हा "घातलं" असं खोटं सांगू नका. आई, तुझ्या गुडघ्याचं तू काहीच बोलत नाहीस. रविवारी फोन करेन तेव्हा आधी गुडघा, मग अंतरा. तुझी बाजू मला तुझ्याच तोंडून ऐकायची आहे, बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस.

तुमची,
मनू